उकंडरावांच्या बैलांचं औषध

आमच्या गावात ताकद या विषयावर शेवटचा शब्द उकंडरावांचा असायचा. त्यांनी स्वतः कधी पोतं उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्याकडे तुफान आणि वजीर ही बैलजोडी होती, आणि ती शंकरपटात, म्हणजे छकड्याच्या शर्यतीत, पळायची. सेनगावपासून कळमनुरीपर्यंत जिथं पट भरेल तिथं ही जोडी नंबर काढायचीच. ज्याचे बैल पळतात त्याला माणसाच्या तब्येतीतलंही कळतं, हे आमच्या गावानं बिनविरोध ठरवून टाकलं होतं. ग्रामपंचायतीत इतकं एकमत कधी झालं नाही.

बैल का पळतात याचं कारण उकंडराव लपवून ठेवत नसत. त्यांचा सालगडी रामजी रोज दिवेलागणीला देशीची बाटली आणि बांबूची नळी घेऊन गोठ्यात जायचा आणि थोड्या वेळानं रिकामी बाटली घेऊन बाहेर यायचा. दारूनं बैलाला रग येते, पुठ्ठ्यावर मांस चढतं, दम टिकतो, असा उकंडरावांचा सिद्धांत होता. रामजीच्या सदऱ्याला कायम वास यायचा, कारण बैल पिताना मुंडी झटकतो. या सिद्धांतावर शंका घ्यायचं कुणाला काही कारण नव्हतं. बैल समोर पळताना दिसत होते.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नवे पोलीस लागणार, या आशेवर आमच्या भागातली निम्मी पोरं पहाटे पुसेगावच्या रस्त्यावर पळत होती. त्यात वैजनाथ होता आणि मी, प्रज्ञेश. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, विहाराजवळ. वैजनाथ ग्यानबाकाकांचा एकुलता एक. अंगानं वाळका, पण चिवट. लिंबाच्या आडव्या फांदीला लटकून तो बारा वेळा हनुवटी वर न्यायचा, मी सातव्यालाच खाली पडायचो. त्याची अडचण एकच होती. छाती मापात बसत नव्हती, फुगवली तरी दोन बोटं कमी पडायची. आणि वयाच्या अटीमुळं येणारी भरती त्याची शेवटची होती. त्याच्या आईनं, सुमनकाकूंनी, वर्दी टांगायला भिंतीवरची एक खुंटी आधीच मोकळी करून ठेवली होती.

पुसेगावच्या शाळेतले पीटीचे सर, प्रेमानंद सर, आम्हाला फुकट शिकवायचे. त्यांनी शिंप्याच्या टेपनं वैजनाथची छाती मोजली आणि म्हणाले, "येईल. दंड-बैठका वाढव, दूध घे, भिजवलेले हरभरे खा, आणि रात्री वेळेवर झोप. पाच-सहा महिने आहेत हातात." वैजनाथनं हे घरी सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. दूध, हरभरे आणि झोप यात औषध कुठं आहे, हेच त्यांना समजेना.

पोळा झाल्यावर एका संध्याकाळी उकंडराव ग्यानबाकाकांच्या ओसरीवर येऊन बसले. मी पायरीवर होतो.

"पोरगं वाळून राहिलं, ग्यानबा," ते म्हणाले.

"रोज पळतंय ना."

"माझे बैलबी पळतेत. ते काहून वाळत न्हाईत?"

ग्यानबाकाका माळकरी. रोज हरिपाठ, एकादशी, घरात अंडंसुद्धा चालत नाही. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "उकंडराव, या घरात दारूचं नाव काढू नका."

"दारूचं नाव कोण काढून राहिलं? म्या बिअरचं म्हणतो. जवाची असती ती. जव म्हंजी धान्य. धान्य खाल्लं काय अन् पेलं काय, पोटात गेल्यावर बराबर." मग त्यांनी आत बघून आवाज चढवला. "वहिनी, बाळंतिणीला ब्रँडी देतेत का न्हाई? मंग ती काय दारू झाली? बिअरनं अंग भरतं. पोरगं सा महिन्यात वळखू येणार न्हाई."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. औषध सापडलं होतं. ग्यानबाकाका हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते भिंतीकडं तोंड करून बसले, आणि तो होकार समजण्यात आला.

दुसऱ्या दिवशी परमिट रूममधून युरियाच्या पोत्यात गुंडाळून बाटल्या आल्या. त्या धान्याच्या कोठीमागं उभ्या केल्या गेल्या, धान्यच होतं ना ते. रोज जेवणाआधी काकू पदर डोक्यावर घेऊन गिलास भरायच्या, वैजनाथ डोळे मिटून प्यायचा, ग्यानबाकाका भिंत बघायचे. त्या घरात माझा चहाचा कप वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा. बिअरला मात्र घरातला स्टीलचा गिलास मिळाला. मी बोललो नाही. दोस्ताच्या छातीचा प्रश्न होता.

आणि खरंच अंग भरलं. दिवाळीपर्यंत वैजनाथचे गाल वर आले, गळ्याची हाडं झाकली, सदऱ्याची बटणं ताणली. टेप लावली तर छाती मापात. काकूंनी उकंडरावांच्या घरी करंज्यांचा डबा पाठवला. पारावरची माणसं वैजनाथला थांबवून त्याच्या दंडावर थापा मारायची आणि म्हणायची, "आता दिसून राहिला जमादार." पोट पण पुढं आलं होतं, पण आमच्याकडं पोटाला कुणी नाव ठेवत नाही. पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण.

लिंबाच्या फांदीचं मत वेगळं होतं. बाराचे नऊ झाले, नवाचे सात. आता आम्ही दोघं एकदमच खाली पडायचो. पहाटे मी त्याच्या दारात जाऊन हाका मारायचो, तर आतून काकूंचा आवाज यायचा, "झोपू दे रे, औषध लागू पडून राहिलं." उन्हं आल्यावर तो उठायचा, तेव्हा डोकं जड असायचं, तोंडाला कोरड असायची. एक तांब्या पाणी पिऊन तो फांदीखाली यायचा आणि नुसतीच फांदीकडं बघायचा.

ही तक्रार उकंडरावांपर्यंत गेली. त्यांनी वैजनाथचा दंड दाबून पाहिला, पापणी खाली ओढून डोळा पाहिला.

"माप कमी पडून राहिलं," ते म्हणाले. "अंग वाढलं तसं औषध नको वाढाया? आता बिअरनं भागत न्हाई. बैलाला जी देतो तीच द्या. अन् ग्यानबा, तुमी तोंड वाकडं करू नका. ती गुळाची असती. गूळ तर तुमच्या भजनात परसाद म्हणून वाटतेत."

अशा रीतीनं देशीही त्या घरात आली. बिअर धान्य म्हणून आली, देशी प्रसाद म्हणून. आमच्या गावात एखाद्या गोष्टीचं मूळ चांगलं निघालं की पुढचं कुणी विचारत नाही.

मी प्रेमानंद सरांना सांगितलं. त्याच संध्याकाळी ते सायकल मारत आले. ओसरीवर न टेकता उभ्याउभ्याच बोलले. "काका, व्यायामानं अंग वाढत नाही. व्यायामानं स्नायू आतून बारीक बारीक फाटतात. रात्री झोपेत शरीर ते शिवतं, आणि शिवताना थोडं जाड करतं. तेव्हा अंग बनतं. दारू प्यायलेल्या माणसाचं शरीर रात्रभर दारू निपटण्यात गुंतलेलं असतं. त्याची झोपही खरी नसते. मग शिवणार कोण? याला चढलंय ते मांस नाही, चरबी आहे. ती फांदीवर मदत करत नाही, खाली ओढते."

इतकं सोपं करून मला तरी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, सरांना चहा दिला. सरांची सायकल वळणाआड गेली तसे ओसरीवरच बसलेले उकंडराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सरांचं अंग पाह्यलं का? सदऱ्यात माणूस हाय का न्हाई, कळत न्हाई." सगळे हसले. वैजनाथही हसला. सर रोज बारा किलोमीटर सायकल मारतात हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही, आणि मी आठवण करून दिली असती तर सायकलचं काय मोठं, असंच उत्तर मिळालं असतं.

जानेवारीच्या शेवटी आखाडा बाळापूरला मोठा पट होता आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी हिंगोलीला भरती. पटाच्या आठवड्यातच कळमनुरीला रामजीच्या लेकीच्या लेकराचं बारसं निघालं. रामजी पाय धरून सुट्टी मागायला लागला. उकंडरावांनी दिली, पण कुरकुरत. बैलांचं औषध आता पाजणार कोण? शेवटी ते स्वतःच नळी घेऊन गोठ्यात शिरले. बैलांनी त्यांना जरा शिंगं दाखवली. पटाच्या सकाळी बाळापूरला टेम्पोतून बैल उतरवल्यावर त्यांनी आमच्यासमोर दोघांना एक-एक बाटली पाजली. वैजनाथनं वजीरचं तोंड धरलं होतं, मी तुफानचं. तुफाननं अर्धी माझ्या अंगावर उडवली, अर्धी गिळली.

गर्दी भरपूर होती. आमची जोडी जुंपली, निशाण पडलं. तुफान सुटला तो सरळ न जाता डावीकडं, भज्यांच्या गाड्याच्या दिशेनं. वजीर चार पावलं पळाला, थांबला, विचार केल्यासारखी मान हलवली आणि भर धावपट्टीत खाली बसला. छकडा कलंडला, हाकणारा मातीत लोळला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. उकंडराव चाबूक घेऊन धावले तर वजीर त्यांच्याकडं बघत रवंथ करायला लागला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रामजी आला. कळमनुरीहून तो थेट पटालाच आला होता, डोक्यावर बारशाची नवी टोपी होती. त्यानं वजीरचा ओठ वर केला, वास घेतला, आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

"मालक," तो म्हणाला, "खरंच पाजली व्हय?"

उकंडरावांचा चाबूक खाली आला. "खरंच म्हंजी?"

रामजीच्या लक्षात आलं, पण बोलून झालं होतं. तो वजीरच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "मुकं जनावर हाय मालक. त्याला कशापायी तकलीफ द्यायची. म्या त्याहिला गुळाचं पाणी देत होतो. सरकी भिजू घालत होतो. रोज खरारा करत होतो."

"अन् बाटली?"

"वाया कशी घालावी, म्हणून…"

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. आम्ही सगळे रामजीकडं बघायला लागलो, बहुतेक पहिल्यांदाच. दंड मनगटाएवढे, गाल आत गेलेले, पोट तेवढं नारळाएवढं पुढं. सरकीचं अर्धं पोतं डोक्यावर घ्यायला त्याला दुसरा माणूस लागायचा, आणि गाव म्हणायचं, रामजीला खाल्लेलं लागत नाही. दारू अंगाला कशी लागते हे बघायला इतकी वर्षं बैलाकडं बघायची काही गरज नव्हती. वैजनाथ रामजीच्या हातांकडं बघत होता. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आता हे थांबलं.

पण टेम्पोत परतताना उकंडराव फार वेळ गप्प बसले नाहीत. हळदीचं शेत लागेपर्यंत त्यांचा सिद्धांत उठून उभा राहिला होता. "बैल हरले काहून? सवय न्हाई म्हणून. या रामज्यानं त्याहिला सवयच लागू देली न्हाई. आता एकदम देली, त्याहिला झेपली न्हाई. पाच-सा वर्सं बराबर पेले असते तर आज विमान झाले असते." मग ते वैजनाथकडं वळले. "तुला घाबरायचं काम न्हाई लेकरा. तुला सवय हाय."

टेम्पोतल्या माना हलल्या. गावात पोचेपर्यंत उकंडरावांचंच खरं झालं. राहता राहिला रामजी, तर तो दारुडा ठरला होता. दारुड्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो? सुमनकाकूंनी तर ठेवलाच नाही. लेकराच्या अंगावर त्यांनी डोळ्यांनी मांस चढताना पाहिलं होतं.

चार दिवसांनी मी वैजनाथला रस्त्यावर गाठलं. "आता तरी सोड लेका. सर काय म्हणत होते ते समजलं ना?"

"समजलं," तो म्हणाला. "बाळापूरहून आल्यावर दोन दिस घेतली न्हाई म्या."

"मग?"

"झोपच लागंना. घाम सुटून राहिला. अन् हे पाह्य." त्यानं हात पुढं केला. बोटं हलत होती. त्यानं मूठ आवळली तरी मूठ हलत होती. "तिसऱ्या दिशी मायनं गिलास आणला. म्या न्हाई म्हणलो न्हाई."

"मायला सांग हे."

"काय सांगू? ती औषध म्हणून देऊन राहिली."

मला त्याचा राग आला, आणि रागाखाली भीती होती. त्याला हलवून सांगावंसं वाटलं की दहा-अकरा दिवस आहेत, अजून काही होईल. पण तेवढ्या दिवसांत काय होणार हे फांदी आम्हाला रोज सांगत होती.

भरतीच्या दिवशी हिंगोलीच्या मैदानावर हजारभर पोरं उघड्या अंगानं रांगेत बसली होती. माझा निकाल लवकर लागला. मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नव्हतो, हरभरे खाल्ले, वेळेवर झोपलो, आणि उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी भरलो. मोजणारा म्हणाला, "अगला." प्रेमानंद सरांच्या सांगण्यात उंचीचा उपाय नव्हता. मी कपडे घालून तारेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिलो.

वैजनाथची छाती मोजली तेव्हा टेप धरणारा शिपाई खूष झाला. मापापेक्षा भरपूर. पळताना तो शेवटच्या दहांत आला, पण आला. मग पुल-अप्सचा लोखंडी बार. त्यानं तळहाताला माती चोळली, उडी मारून बार धरला. पहिला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला सगळं अंग वळवून, मान ताणून हनुवटी कशीबशी बारवर टेकली. चौथ्याला तो अर्ध्यात लटकला, पाय सायकल चालवल्यासारखे हलायला लागले, पोट सदऱ्याविना उघडं, थरथरत. मी कुंपणाची तार धरून मनातल्या मनात त्याला वर ओढत होतो. एकेकाळी हा पोरगा बोलत बोलत बारा काढायचा.

"बस, उतर जा," शिपाई म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याच्या मागं रांग होती.

आम्ही एसटीनं परत आलो. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते, आणि ओसरीवर काकू, ग्यानबाकाका आणि उकंडरावसुद्धा वाट बघत होते.

"तीन झाले माय," वैजनाथनं उभ्याउभ्या सांगितलं. "पाय मारले तरी तीनच."

उकंडराव खाकरले. "मला वाटतं, आज सकाळी घेतली नसंल…"

"उकंडराव, तुमी घरी जा," काकू म्हणाल्या.

मी काकूंचा असा आवाज आधी ऐकलेला नव्हता. उकंडरावांनीही ऐकलेला नसावा, कारण ते खरंच उठून गेले. काकू कोठीमागं गेल्या, तिथल्या सगळ्या बाटल्या पदरात घेऊन आल्या आणि एकेक करून उकिरड्यावर ओतल्या. रडत होत्या, पण हात थांबत नव्हता. मला बरं वाटलं. भरती गेल्याचं दुःख होतंच, पण निदान हे घर शुद्धीवर आलं, असं वाटलं.

मग त्यांनी वैजनाथला ताट वाढलं. भाकरी कुस्करून तिच्यावर दूध घातलं, लहान लेकराला घालतात तसं. "उद्यापासून दूधच देते. सर म्हणले होते तसं. नौकरी गेली तर जाऊ दे, शेत हाय आपलं."

वैजनाथनं ताटाला हात लावला नाही. तो दाराकडं बघत बसला होता, कपाळावर घाम आला होता.

"माय, औषध?" तो म्हणाला.

"आता कशाचं औषध, लेकरा? भरती तर होऊन गेली."

"भरतीचं न्हाई," तो म्हणाला. "माझं."

काकूंच्या हातात दुधाचं भांडं तसंच राहिलं. वैजनाथनं हात मांड्यांखाली दाबून धरले, तरी हलणाऱ्या गुडघ्याला लागून ताट वाजत होतं. बराच वेळ ते ऐकल्यावर ग्यानबाकाका उठले, पायात चपला सरकवल्या आणि परमिट रूमच्या रस्त्याला लागले. कुठं निघालात, असं काकूंनी त्यांना विचारलं नाही.